मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर १३,५०० किमी, मग प्रवासाला २४ तास कसे?

प्रीतिसंगम | १८ फेब्रुवारी, रात्री ९:४०

मे महिन्यात आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला चाललेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमॉन्टला, भावाकडे. कराडहून मुंबई आणि मुंबईहून सॅन फ्रान्सिस्को. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कराड स्टँडवरच २२ वर्षं काढली. त्यामुळे प्रवास म्हटला की आधी वही उघडायची, अंतर लिहायचं, रनिंग टाईम काढायचा, ही सवय अजून गेलेली नाही.

त्यांनी नेटवर पाहून वहीत लिहिलं : मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को १३,५०० किमी, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे १५ तास. मग एजंटने दोन पर्याय पाठवले, एक फ्रँकफर्टवरून आणि एक सिंगापूरवरून. दोन्हीला थांब्यासकट २४ तासांच्या आसपास! बाबा त्या कागदाकडे बघत बसले आणि मग त्यांनी मला प्रश्नांची यादीच दिली.

अमेरिका पश्चिमेला असताना पूर्वेला सिंगापूरला का जायचं? सिंगापूर ते सॅन फ्रान्सिस्को जाताना १५ तास आणि येताना १७ तास लिहिलेत ते का? "कुंभार्ली घाट चढायला आणि उतरायला वेगळा वेळ लागतो ते ठीक आहे, पण आकाशात कसला घाट?" हे त्यांचे शब्द.

आईचा प्रश्न वेगळाच आहे. एजंटने सुचवलेली तारीख नेमकी संकष्टीची आहे. चंद्रोदय कुठला धरायचा?

जाणकारांनी सांगावं. मी फक्त टाईप करतेय, उत्तरं बाबांना वाचून दाखवणार आहे.

सनीवेलकर | १८ फेब्रुवारी, रात्री १०:०५

आकाशात घाट आहे. वारा! बाबांना माझा नमस्कार सांगा, नेमकं बोट ठेवलंय त्यांनी.

सविस्तर उद्या लिहितो.

दोनचाकी | १८ फेब्रुवारी, रात्री १०:३१

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे फरक पडतो. साधं आहे.

नकाशेवाला | १९ फेब्रुवारी, सकाळी ७:१२

दोनचाकी, असं नाही हो. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत आहे. तुमचं म्हणणं खरं असतं तर पश्चिमेला जाणाऱ्याला लवकर पोचता आलं असतं, कारण पुढचा विमानतळच त्याच्याकडे चालत आला असता. प्रत्यक्षात उलट होतं. पूर्वेकडे जाणारा लवकर पोचतो.

मी ३१ वर्षं भूगोल शिकवला, म्हणून अंतराच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ताई, घरात पृथ्वीगोल असेल तर काढा. नसेल तर शाळेतून एका दिवसासाठी आणा, पण बाबांना हे हाताने करू द्या. शिवणाचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. तो पश्चिमेला अरबस्तानावरून जाणार नाही, पूर्वेला सिंगापूरवरूनही जाणार नाही. सरळ उत्तरेला जाईल! राजस्थान, काश्मीर, मध्य आशिया, सायबेरिया, मग आर्क्टिक महासागर, आणि तिथून अलास्का-कॅनडाच्या बाजूने खाली. ७६-७७ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो तो, म्हणजे ध्रुव तिथून साधारण १,५०० किमी राहतो. तुमचे १३,५०० किमी हे त्या दोऱ्याचं अंतर आहे.

भिंतीवरच्या नकाशात हे दिसत नाही, कारण गोल सोलून सपाट केला की वरचा भाग ताणला जातो. मुलांना मी संत्र्याची साल पाटावर दाबायला लावायचो. फाटल्याशिवाय ती सपाट होतच नाही.

मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या रेखांशांत १६५ अंशांचा फरक आहे. १८० असता तर बरोबर अर्धी पृथ्वी. इतक्या लांबच्या दोन गावांना "पश्चिमेला" किंवा "पूर्वेला" म्हणण्यात काही अर्थ उरत नाही. दोन्ही बाजूंनी जवळपास सारखंच.

भुईमूग | १९ फेब्रुवारी, सकाळी ८:०२

संत्र्याची साल वाचून शाळेतला डबा आठवला. आमचे सर चेंडू आणायचे.

प्रीतिसंगम | १९ फेब्रुवारी, दुपारी १:२०

सर, शेजारच्या मुलाकडे पृथ्वीगोल मिळाला. बाबांनी आईच्या डब्यातला लाल दोरा घेतला. तीनदा ताणून बघितला, तिन्ही वेळा वरूनच गेला! मग म्हणाले, "मग सरळ या वाटेनेच का नाही नेत?"

रात्रपाळी | १९ फेब्रुवारी, रात्री ११:४८

हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. मी डिस्पॅचर आहे, म्हणजे विमान कुठल्या वाटेने जाईल आणि किती इंधन घेईल याचा आराखडा करणारा. कंपनीचं नाव सांगत नाही.

दोऱ्याची वाट आणि खरी वाट यांत बरंच काही येतं. बाबांच्या दोऱ्यावर काश्मीरनंतर काराकोरम आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला पटकन १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून पडणाऱ्या मास्कमध्ये मोजक्याच मिनिटांचा ऑक्सिजन असतो. खाली डोंगरच २०,००० फुटांचे असले तर उतरणार कुठे? म्हणून हिमालय आणि तिबेटचं पठार बहुतेक विमानं टाळतात. वरून शांत दिसतो तो भाग, पण आमच्या टेबलावर तोच सगळ्यात अवघड.

दुसरं, देश. रशियाने २०२२ साली युरोप आणि अमेरिकेच्या विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना बंद केलं. त्याच दोन गावांमध्ये कंपनी कुठल्या देशाची आहे यावर वाट बदलते. हेलसिंकी-टोकियो हा प्रवास आधी साडेनऊ तासांचा होता, रशिया बंद झाल्यावर १३ तासांपर्यंत गेला. गावं जिथल्या तिथेच आहेत.

तिसरं, निर्जन भाग. उत्तरेकडे वाटेत काही झालं तर उतरायला जवळ विमानतळ हवा. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एक विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियातल्या मगदानला उतरवावं लागलं होतं. सगळे सुखरूप होते, पण शाळेच्या वसतिगृहात वगैरे राहावं लागलं लोकांना. तिकडे इंधन गोठणार नाही हेही बघावं लागतं. जेट ए-वन इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश आहे, आणि बाहेरची हवा त्याहून थंड असू शकते.

आणि वारा. त्यावर सनीवेलकर लिहिणार होते.

दोनचाकी | २० फेब्रुवारी, सकाळी ९:१५

पृथ्वी फिरण्याचा मुद्दा मागे घेतो. नकाशेवाला सरांचं पटलं. पण मी ऐकलंय की ध्रुवावरून विमान न्यायला बंदी आहे.

रात्रपाळी | २० फेब्रुवारी, सकाळी ९:५०

बंदी नाही, वेगळी परवानगी आणि तयारी लागते. भारतीय कंपनीने ध्रुवीय भागातून प्रवासी विमान पहिल्यांदा नेलं ते १५ ऑगस्ट २०१९ ला, दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. पुढे जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूर हे उड्डाण कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या महिला वैमानिकांनी उत्तर ध्रुवाच्या वाटेने आणलं.

सनीवेलकर | २० फेब्रुवारी, सकाळी ११:३०

उशीर झाला, माफ करा.

काका (प्रीतिसंगम यांचे बाबा), तुम्ही कृष्णेत पोहला असालच. प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाच्या विरुद्ध हात तेवढेच मारायचे, पण काठावरचं झाड किती वेळात मागे पडतं त्यात फरक. विमानाचं तसंच. ताशी ९०० हा त्याचा हवेच्या मानाने वेग. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे हवेची एक नदी वाहते, तिला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ती ताशी २०० किमीच्या वरही सहज जाते. ती पाठीशी असली तर जमिनीच्या मानाने विमान ११०० ने पळतं, समोर असली तर ७०० ने.

सिंगापूर-सॅन फ्रान्सिस्को अंतर १३,६०० किमी, दोन्ही बाजूंना तेवढंच. जाताना पॅसिफिकवर ही नदी पाठीशी, म्हणून १५. येताना समोर, म्हणून १७. तुमचा कुंभार्ली हाच.

आता मला सगळ्यात आवडणारं उदाहरण. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान नेहमीच्या अटलांटिकच्या वाटेऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर १,४०० किमीने वाढून १५,३०० किमी झालं. आणि वेळ? साडेचौदा तास, म्हणजे जवळपास दोन तास कमी! लांबची वाट लवकर पोचवते, हे एसटीतल्या माणसाला मी काय सांगणार. घाट टाळून लांबचा सपाट रस्ता धरणारे ड्रायव्हर काकांनी कितीतरी पाहिले असतील.

प्रीतिसंगम | २० फेब्रुवारी, रात्री ८:१०

हे वाचून दाखवल्यावर बाबा उठून उभेच राहिले. "आत्ता कळलं" म्हणाले, आणि वहीत "वारा" हा नवा रकाना पाडला.

जुनाप्रवासी | २१ फेब्रुवारी, सकाळी ६:४५

पहाटे हा धागा वाचला आणि राहवलं नाही. मी १९७८ साली मुंबईहून न्यूयॉर्कला गेलो, शिकायला. जंबो जेट, मध्ये लंडनला थांबा. एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा १९६० पासूनची, तेव्हा बोइंग ७०७ असायचं. मुंबईहून न्यूयॉर्कला न थांबता विमान जायला २००७ चा ऑगस्ट उजाडला. त्या बातमीचं कात्रण मी ठेवलंय.

मला आठवतो तो निरोपाचा वेळ. सांताक्रूझला आमच्या घरचे १४ जण आले होते, हार घेऊन. मी पोचल्याचं घरी कळलं ते तिसऱ्या दिवशी, ट्रंक कॉल लागला तेव्हा. मधल्या वेळात आई देवापुढे समई तेवत ठेवून बसली होती, हे मला पुढे बहिणीने सांगितलं. आता तुम्ही फोनवर विमानाचं चिन्ह समुद्रावरून सरकताना बघाल. ताई, ते जरूर बघा. माझ्या आईला ते मिळालं असतं तर तीन रात्री ती झोपली असती.

आक्का_मिरज | २१ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

जुनाप्रवासी, डोळ्यांत पाणी आलं.

आईंच्या संकष्टीबद्दल लिहिते. माझा मुलगा सिअ‍ॅटलला आहे, चार वेळा जाऊन आले. आपण जिथे असू तिथला चंद्रोदय धरायचा, अशी आमच्या घरची रीत. तिकडे गेल्यावर तिथलीच वेळ बघून उपास सोडते. पण विमानाच्या दिवशी उपास करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वयाच्या माणसाला एवढ्या प्रवासात पोट रिकामं ठेवणं बरं नाही.

आणि सिंगापूरमार्गे तर तो दिवस दोनदा येतो. मे मध्ये सिंगापूर आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात १५ तासांचा फरक आहे. सकाळी ९ ला सिंगापूरहून निघालं आणि १५ तासांनी पोचलं की तिथे त्याच तारखेचे सकाळचे ९! संकष्टी पुन्हा पहिल्यापासून. चंद्राला आणि आईंना दोघांनाही त्रास. तारीख दोन दिवस पुढे घ्या.

भुईमूग | २१ फेब्रुवारी, सकाळी ९:४१

एकाच तारखेला दोन नाश्ते मिळतात हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आक्का, मी निघालो!

शेवंती | २१ फेब्रुवारी, दुपारी ३:००

मी डॉक्टर आहे म्हणून थोडं. रोजच्या गोळ्या घड्याळाच्या काट्यावर न घेता "मागची घेऊन किती तास झाले" यावर घ्यायच्या असतात. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून तासांचा कागद लिहून घ्या, विशेषतः मधुमेह असेल तर. गोळ्या हातातल्या पिशवीत, सामानात अजिबात नको. दर दीड-दोन तासांनी उठून दोन फेऱ्या मारायच्या आणि बसल्या जागी पायाचे घोटे फिरवायचे. १५ तास पाय लोंबते राहिले की पोटरीत गुठळी होण्याचा धोका वाढतो. पाणी पीत राहायचं. बाथरूमला उठावं लागेल म्हणून आपल्याकडच्या बायका पाणीच पीत नाहीत. आईंसाठी कडेची जागा मागा, म्हणजे कुणाला उठवण्याचा संकोच वाटणार नाही.

प्रीतिसंगम | २१ फेब्रुवारी, रात्री ९:५५

आईला बीपी आहे. कागद करून घेते. आणि पाण्याचं तुम्ही अगदी आईला बघून लिहिल्यासारखं लिहिलंय.

कुडाळची_पोर | २२ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

थांब्यावरून माझा अनुभव. दोन वर्षांपूर्वी आईसाठी मी स्वस्त पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढली, दुसरं विमान पाऊण तासात. पहिल्याला उशीर झाला, दुसरं गेलं. तिकीट वेगळं म्हणून पुढच्या कंपनीने जबाबदारी घेतली नाही. आई ११ तास अनोळखी विमानतळावर एका खुर्चीत बसून होती, भाषा येत नाही, फोनची बॅटरी संपलेली. मला अजून स्वतःचा राग येतो.

म्हणून कळकळीने सांगते : एकच तिकीट, सामान थेट शेवटच्या गावापर्यंत, आणि मध्ये किमान तीन तास. प्रवास तीन तासांनी लांबला तरी चालेल. व्हीलचेअर आधीच नोंदवा. चालता येत असलं तरी, कारण ढकलणारा माणूस बरोबर गेटवर नेऊन सोडतो.

आक्का_मिरज | २२ फेब्रुवारी, सकाळी १०:४४

खरं आहे. पोरी, मनाला लावून घेऊ नकोस.

रात्रपाळी | २३ फेब्रुवारी, पहाटे ४:३०

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण एक गोष्ट सुचली आहे. आकडे गोल करून लिहितो.

फ्रँकफर्टमार्गे : मुंबई-फ्रँकफर्ट ६,५७०, तिथून सॅन फ्रान्सिस्को ९,१५०. एकूण १५,७०० किमी. सिंगापूरमार्गे : ३,९०० अधिक १३,६००, एकूण १७,५००. म्हणजे १,८०० किमीचा फरक. पण हवेतला वेळ जाताना दोन्हीकडे साडेवीस तासांच्या जवळपास, कारण एकीकडे वारा समोर आणि दुसरीकडे पाठीशी.

आता येतानाचं बघा. फ्रँकफर्टमार्गे यायला साधारण १९ तास, वारा पाठीशी. सिंगापूरमार्गे साडेबावीस, वारा समोर.

मग जाताना सिंगापूर आणि येताना फ्रँकफर्ट असं केलं तर? दोन्ही वेळा पूर्वेकडेच जायचं, दोन्ही वेळा वारा पाठीशी. त्याच भागीदारीतल्या कंपन्या असल्या तर एकाच तिकिटावर बसतं, दराची मात्र चौकशी करा, आणि ट्रान्झिट व्हिसाचा नियमही आधी तपासा. उलटी फेरी केली तर तीन-साडेतीन तास जास्त हवेत राहावं लागेल.

आणि काका-काकूंची पृथ्वीप्रदक्षिणा होईल. ३३,२०० किमी.

नकाशेवाला | २३ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

वा! सगळी रेखावृत्तं ओलांडली जातील. पृथ्वीगोल परत करू नका अजून.

सनीवेलकर | २३ फेब्रुवारी, सकाळी ११:१०

रात्रपाळी, हे फार सुंदर काढलंत. एवढंच जोडतो की मे महिन्यात जेट स्ट्रीम हिवाळ्याइतकी जोरात नसते, त्यामुळे फरक थोडा कमी पडेल. आणि तिकिटावरचा वेळ हा गेटवरून हलल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतचा असतो, धावपट्टीकडे जाण्याचा वेळ धरून. काकांना हे सांगायला हवं, नाहीतर वहीचा हिशेब जुळणार नाही.

प्रीतिसंगम | २४ फेब्रुवारी, रात्री ८:३०

बाबांचा निर्णय झाला : प्रदक्षिणा. आईने विचारलं, "पाण्यावरून कशाला एवढं?" तेव्हा बाबांनी लाल दोरा पूर्ण गोलाभोवती फिरवून तिच्या हातात दिला. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "देवाला घालतो तशीच आहे की." तारीख संकष्टीनंतरची घेतली. तिकीट थोडं महाग पडलं, पण एकच आहे.

प्रीतिसंगम | २९ मे, सकाळी ८:००

धागा वर काढतेय, सांगितल्याशिवाय राहवेना. आई-बाबा सुखरूप पोचले.

बाबांनी मनगटावरचं घड्याळ वाटेत बदललंच नाही. भारताची वेळ एका रकान्यात आणि तिथली दुसऱ्यात. भावाने पानाचा फोटो पाठवलाय, त्यातून उतरवून लिहिते :

कराड घर सोडले सकाळी १०:००. मुंबईहून चाके उचलली रात्री ९:१०. सिंगापूरला टेकली २:३० (तिथे पहाटे ५:००). थांबा. व्हीलचेअरवाला मुलगा चांगला होता. सिंगापूर गेट सोडले तिथले ९:२२. चाके उचलली ९:४१. पडद्यावर सर्वांत जास्त वेग १,०६८. वारा : पाठीशी. सॅन फ्रान्सिस्कोला टेकली भारताचे रात्री ९:४३, तिथले सकाळचे ९:१३. हवेत १४ तास ३२ मिनिटे. फ्रीमॉन्ट घर तिथले ११:३०.

घर ते घर ३८ तास, त्यांपैकी हवेत १९ तास ५२ मिनिटे. ही ओळ त्यांनी दोनदा अधोरेखित केलीय.

आई दर दीड तासाला उठली आणि पाणीही प्यायली. शेवंती, तुमचे आभार.

जुनाप्रवासी, मी रात्रभर फोनवर ते चिन्ह बघत होते. जपानच्या पुढे गेल्यावर कधीतरी डोळा लागला.

जुनाप्रवासी | २९ मे, सकाळी ८:२५

छान केलंत. झोप लागली हे फार बरं झालं.

रात्रपाळी | २९ मे, सकाळी ११:०२

काकांच्या पानात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली का? गेट सोडलं ९:२२ ला आणि टेकले ९:१३ ला, त्याच तारखेला. नऊ मिनिटं आधी!

प्रीतिसंगम | २९ मे, दुपारी १२:४०

आली त्यांच्या लक्षात. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, "वेळेआधी. कारण वारा व पृथ्वी." परतीचं पान ऑक्टोबरसाठी आखून ठेवलंय, रकाने पाडून. फ्रँकफर्टला खाली उतरल्यावर पृथ्वीगोल परत केला का, हेही विचारणार आहेत म्हणे. तो अजून आमच्या टीव्हीवरच आहे, दोऱ्यासकट.